भीती मनात असताना एकत्र काम करावे का?

प्रश्न : आम्ही मराठी ख्रिस्ती आहोत. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतील आमच्या गल्लीत पाणी चढले, तेव्हा पलीकडच्या घरांतील मुस्लिम मुलांनी माझ्या सासूबाईंना खुर्चीत बसवून, ती खुर्ची खांद्यावर घेऊन बाहेर काढले. आता त्याच मुलांनी दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आमच्या चर्चच्या सभागृहात दोन्ही समाजांनी मिळून अभ्यासिका चालवावी, असे सुचवले आहे. मंडळीतील काही ज्येष्ठ म्हणतात, त्याच वर्षी श्रीलंकेत ईस्टरला काय झाले ते विसरू नका. मी काय करावे? – एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : ताई, ज्येष्ठांची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. २१ एप्रिल २०१९ रोजी धर्मांध आत्मघातकी हल्लेखोरांनी श्रीलंकेत तीन चर्च आणि काही हॉटेलांत स्फोट घडवले आणि अडीचशेहून अधिक माणसे मारली. मात्र पुढच्याच महिन्यात तेथील निरपराध मुस्लिमांची घरे-दुकाने जमावांनी फोडली, हेही त्यांनी लक्षात ठेवावे.

मला केनियातील घटना अधिक बोलकी वाटते. नोव्हेंबर २०१४ मध्ये मंडेराजवळ अल-शबाब या सोमालियातील अतिरेकी संघटनेच्या बंदूकधाऱ्यांनी एक बस अडवली, मुस्लिमेतर प्रवासी वेगळे काढले आणि २८ जणांना ठार केले. पुढच्या वर्षी, २१ डिसेंबरला, त्याच भागात पुन्हा बस अडवून तोच हुकूम देण्यात आला. पण या वेळी मुस्लिम प्रवाशांनी वेगळे व्हायला साफ नकार दिला आणि बायकांनी शेजारी बसलेल्या ख्रिस्ती बायकांना आपल्या ओढण्या डोक्यावर घ्यायला दिल्या. सालाह फराह नावाचे मुस्लिम शिक्षक त्यात गोळी लागून जखमी झाले आणि महिन्याभरात दगावले. अतिरेक्याला हवी असते ती फाळणी, आणि आपण भीतीपोटी एकमेकांकडे जाणे बंद केले, तर त्याचे काम बंदुकीशिवायच होते.

श्रद्धेतील फरक लपवण्याची मात्र गरज नाही. कुराणात मरियमच्या नावाचा अध्याय आहे, येशूंना तेथे मोठा मान आहे. तरीही त्यांचे देवत्व इस्लामला मान्य नाही, आणि हा मतभेद अभ्यासिकेत मिटवायचाही नाही. २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी पोप आणि इतर ख्रिस्ती धर्मगुरूंना खुले पत्र लिहिले, तेव्हा देवावरील आणि शेजाऱ्यावरील प्रेम एवढ्याच पायावर त्यांनी संवाद मागितला होता. तुमचे काम तर त्याहून साधे, गणित आणि विज्ञानाचे आहे.

कोल्हापूरला हे नवीन नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये येथे आले, आणि १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद शाहू महाराजांनी स्वतःकडे घेतले; दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग आपण सगळे रोज पाहतो.

काही गोष्टी मात्र आधीच ठरवा. अभ्यासिकेत कोणीही धर्मप्रचार करणार नाही, हिशेब दोघांकडून तपासला जाईल, मुलींची वेळ पालकांना विचारून ठरेल, आणि द्वेष पसरवणाऱ्याला, मग तो कोणत्याही समाजाचा असो, त्याच दिवशी बाहेर काढले जाईल. पहिल्या बैठकीला पाळकांबरोबर त्या ज्येष्ठांनाही बोलवा आणि श्रीलंकेबद्दल त्यांना जे वाटते, ते त्या मुलांसमोरच बोलू द्या.