सापळे लावले आणि व्यापारी फिरकेनात

प्रश्न : ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या किल्ला उभारायच्या संगणक-खेळात दारात पिंजऱ्याचे सापळे लावले. हल्ला करणारे गॉब्लिन सापडतात, पण व्यापाऱ्यांच्या गाड्या आत येत नाहीत. काय चुकलं?

उत्तर : गाडीला ३ चौकोन रुंद वाट लागते आणि त्या वाटेत सापळा चालत नाही. म्हणून दोन वाटा करा. रुंद वाटेवर उचलता पूल. शेजारी नागमोडी बोळ, सापळे तिथेच. हल्ला आला की पूल उचला, गॉब्लिन आपणहून बोळात शिरतात. पुलाची कळ मी जेवणघरातच बसवते. रिकामे ड्वार्फ (किल्ल्यातले आपले बुटके) तिथेच घुटमळतात, चटकन ओढतात. कळीला १ आणि ती पुलाला जोडायला २, अशा ३ यंत्रणा (‘मेकॅनिझम’ नावाच्या वस्तू) आधी घडवून ठेवा. कोबोल्ड, म्हणजे लपून येणारे चोर, मात्र सापळे चुकवतात. त्यांच्यासाठी बोळाच्या तोंडाशी कुत्रा बांधाच!