मागची चाके आणि टायर पुढच्यांपेक्षा रुंद बसवल्यास गाडीच्या हाताळणीवर काय परिणाम होतो?

मुख्य परिणाम असा, की वळणावर मागच्या टोकाची पकड वाढते आणि पुढचे टायर तुलनेने आधी घसरू लागतात. त्यामुळे गाडी स्टिअरिंग वळवले त्यापेक्षा कमी वळते, म्हणजेच तिचा कल अंडरस्टिअरकडे झुकतो. पोर्शे ९११ सारख्या गाडीत इंजिन मागे असल्याने बहुतांश वजन मागच्या चाकांवर येते आणि इंजिनची ताकदही तिथूनच रस्त्यावर उतरते, म्हणून तिच्या बेस कॅरेरा मॉडेलला (९९२ मालिका) पुढे २३५ आणि मागे २९५ मिलिमीटर रुंदीचे टायर दिलेले असतात. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते अशा गाडीत मात्र हा बदल माझ्या मते करूच नये, कारण तिचा अंडरस्टिअर मुळातच जास्त असतो आणि तो आणखी वाढतो.

टायर रुंद केला तरी हवेचा दाब आणि भार तोच राहिल्यास रस्त्याला टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. तो भाग रुंद आणि आखूड होतो, ज्यामुळे कोरड्या रस्त्यावर वळताना टायर अधिक ठाम राहतो, पण साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगू लागतो. इंजिनची ताकद चारही चाकांना मिळते अशा गाडीत पुढच्या-मागच्या टायरचा परीघ उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेत नसेल, तर ट्रान्समिशनवर (ताकद चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेवर) घातक ताण येतो.