राजीनामा देण्याआधी: कॅनडाला निघालेल्या पशुवैद्यकाला

डॉक्टर, तुमचा मेल दोनदा वाचला. सहा वर्षं पशुधन विकास अधिकारी म्हणून नोकरी, कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, हातातोंडाशी आलेला आणि पुढच्या महिन्यात राजीनामा द्यायचा विचार. "आधी तिथं पाय टेकवू, परीक्षांचं मग बघू," असं लिहिलंय तुम्ही. माझं सगळं उत्तर या एका वाक्याला आहे. कॅनडाला येताना ही घाई मीही केली होती आणि तिच्यापायी चार वर्षं गेली.

पीआर आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीआरवर इथे राहता येतं, नोकरी करता येते. जनावरावर उपचार करायला मात्र त्या त्या प्रांताच्या नियामक संस्थेचा परवाना लागतो, आणि तो मिळेपर्यंत स्वतःला पशुवैद्यक म्हणवून घेणंही बेकायदा आहे. भारतातल्या कुठल्याच कॉलेजची पदवी इथे थेट चालत नाही, मग ते परभणी असो, शिरवळ असो की परळ. इंग्रजीची अट पुरी करायची, मग बीसीएसई द्यायची, म्हणजे मूलभूत आणि क्लिनिकल विषयांवरचे २२५ बहुपर्यायी प्रश्न. त्यानंतर नॅव्हली, ही ३६० प्रश्नांची परवान्याची लेखी परीक्षा, जी इथल्या पशुवैद्यक कॉलेजांतली पोरंही देतात. मग शस्त्रक्रियेची प्राथमिक चाचणी आणि शेवटी तीन दिवसांची प्रात्यक्षिक परीक्षा.

लेखी परीक्षांची मला तुमच्यासाठी काळजी वाटत नाही. एमपीएससी काढलेल्या माणसाला अभ्यास कसा करायचा ते सांगावं लागत नाही. आपली माणसं अडकतात ती प्रात्यक्षिकात. तिचे सात विभाग आहेत: भूल, घोडे, गाई-डुकरांसारखी अन्नोत्पादनाची जनावरं, शवविच्छेदन, एक्स-रे, कुत्र्यामांजरांचं मेडिसिन आणि शस्त्रक्रिया. गाईच्या विभागात आपण डोळे झाकून पास होतो. शस्त्रक्रियेत जिवंत कुत्रीचं गर्भाशय आणि अंडाशय काढायचं असतं, आणि परीक्षकाची नजर टाक्यांच्या आधी तुमच्या हातमोज्यांवर असते. मी पहिल्यांदा तिथेच नापास झालो. ऑपरेशन नीट झालं होतं, कुत्रीही ठणठणीत होती. पण गाऊन घातल्यावर माझा हात सवयीने कमरेखाली गेला आणि निर्जंतुकता तुटली. जिंतूर तालुक्यात गोठ्याबाहेर, बॅटरीच्या उजेडात मी म्हशीचं सिझेरियन केलं होतं. ते हात चुकीचे नव्हते, पण त्यांना लागलेली सवय इथे चालत नाही. अशी सवय पुस्तक वाचून सुटत नाही, पन्नास कुत्र्या हाताखालून गेल्या की सुटते.

आणि त्या पन्नास कुत्र्या तुम्हाला महाराष्ट्रातच मिळतील. इथे आल्यावर परवाना नाही म्हणून सुरीला हात लावता येत नाही. मी दवाखान्यात असिस्टंट होतो. पिंजरे धुवायचे, कुत्री धरायची, आणि दोन वर्षं दुसऱ्याचं ऑपरेशन लांबून बघायचं. हात गंजत गेले. म्हणून राजीनाम्याऐवजी जमेल तेवढी रजा काढा आणि भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या एखाद्या एबीसी केंद्रात जा. तिथे कुशीतून ऑपरेशन करत असतील तर पोटाच्या मध्यरेषेवरून करू द्या म्हणून विनंती करा. गाऊन, मोजे, ड्रेप म्हणजे जनावरावर पसरायचं निर्जंतुक कापड, सगळं परीक्षेसारखं, एकदाही सूट न घेता. भूल देताना दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, तापमान कागदावर लिहा, कुणी मागत नसलं तरी. घोड्यांसाठी पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर काम करणाऱ्या एखाद्या सिनियरचे पाय धरा. लंगडणारा घोडा तपासणं आणि नाकातून नळी घालणं ही कामं आपल्यापैकी बहुतेकांनी इंटर्नशिपमध्ये जेमतेम पाहिलेली असतात. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात महिनाभर उभं राहता आलं तर सोनंच.

कागदपत्रांचंही तिथूनच उरका. नागपूरच्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचा अधिकृत उतारा, आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचं गुड स्टँडिंगचं, म्हणजे तुमची नोंदणी निर्दोष असल्याचं, पत्र ही कामं स्वतः जाऊन जितकी लवकर होतात, तितकी सातासमुद्रापलीकडून होत नाहीत.

वहिनी कृषी पदवीधर आहेत असं लिहिलंय. त्यांना आत्ताच सगळं स्पष्ट सांगा. प्रात्यक्षिकाची फीच काही हजार डॉलर आहे, आणि तयारीच्या काळात घर बहुधा त्यांच्या पगारावर चालेल. आमच्याकडे हे आधी बोललं गेलं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुम्ही विचारलंय, मोठ्या जनावरांच्या अनुभवाला तिथं किंमत आहे का. खूप आहे. खेड्यात यायला पशुवैद्यक मिळत नाहीत. मी अल्बर्टात आहे, देशातली सर्वाधिक मांसाची गुरं याच प्रांतात. शरद ऋतूत गाभण तपासणी सुरू झाली की एका दिवसात शेकडो गाई हाताखालून जातात, आणि तिथे जिंतूरने शिकवलेला हात कुणाला हार जात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये उणे पंचवीसमध्ये अडलेली गाय सोडवताना म्हातारा रँचर, म्हणजे गुरांचा मालक, मला म्हणाला होता, "तू हे आधी केलेलं दिसतंय." परवाना हातात आला त्या दिवसापेक्षा मला तो दिवस जास्त आठवतो.

पण ही गुरं कत्तलीसाठीच वाढवलेली असतात. जिथे २०१५ पासून बैल कापायलाही बंदी आहे त्या राज्यातून तुम्ही येताय, तुमच्या घरी वारी आहे. हा प्रश्न विमानात बसल्यावर सोडवायचा नाही. मी स्वतःशी ठरवलं की जनावर जगतंय तोवर त्याला वेदना होऊ न देणं हे माझं काम. तुम्हाला हे पटेलच असं नाही. नाही पटलं तर कुत्र्यामांजरांची प्रॅक्टिस आहे, आणि तिथे दयामरण आहे. पहिल्या वर्षी मला सर्वांत जड गेलं ते हेच. चौदा वर्षांची लॅब्रडॉर, तिचं डोकं मांडीवर घेतलेली आजी, आणि माझ्या हातात ते इंजेक्शन. आपल्याकडे आपण मालकाला "बघू, देव आहे" म्हणून घरी पाठवतो. इथे तो "आता बास का, डॉक्टर?" असं विचारतो आणि त्याला खरं उत्तर द्यावं लागतं. त्या संध्याकाळी मी गाडीत बसून रडलो होतो. अजूनही ते सोपं जात नाही, पण आता मी घाई करत नाही, त्या माणसांजवळ बसतो.

बीसीएसईचा अर्ज भरलात की कळवा. माझ्या नोट्स स्कॅन करून ठेवल्या आहेत. घोड्यांच्या वह्या तेवढ्या हाताने लिहिलेल्या आहेत, त्या डिसेंबरात परभणीला येईन तेव्हा सोबत आणतो.