ग्रोमिको दोन दिवसांत करार करून गेले, हे कसं शक्य झालं?

शक्य झालं, कारण मसुदा आधीच बराचसा तयार होता. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री आंद्रेई ग्रोमिको ऑगस्ट १९७१ मध्ये दिल्लीत आले आणि ९ तारखेला आपले परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग यांच्यासोबत भारत-सोव्हिएत मैत्री करारावर सही झाली. पण या कराराची बोलणी १९६९ पासून चालू होती. मॉस्कोतले आपले राजदूत दुर्गाप्रसाद धर यांनी ती पुढे रेटली. मग १९७१ च्या जुलैत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप पेकिंगला (आताचं बीजिंग) जाऊन आले, अमेरिका आणि चीन जवळ येताना दिसले, आणि रेंगाळलेल्या कागदाला एकदम वेग आला. परराष्ट्रमंत्र्यांच्या भेटीत सहसा शेवटचे दोनचार शब्दच ठरतात, बाकी काम राजदूत आणि सचिव उरकून ठेवतात.

करारात १२ कलमं, मुदत २० वर्षं. खरा जीव नवव्या कलमात आहे. दोघांपैकी एकावर हल्ला झाला किंवा तसा धोका दिसला, तर लगेच आपसांत सल्लामसलत करायची. शिवाय, एकाशी लढणाऱ्या तिसऱ्या देशाला दुसऱ्याने मदत करायची नाही. इथेच बरेच जण चुकतात. सैन्य पाठवण्याची हमी त्यात कुठेच नाही, आणि चौथ्या कलमात भारताच्या अलिप्ततेचा आदर स्पष्ट नोंदवलेला आहे. म्हणून याला नाटोसारखी लष्करी युती म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं.

उपयोग मात्र लगेच झाला. ऑक्टोबरमध्ये याच नवव्या कलमाखाली सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री फिर्युबिन दिल्लीत आले, आणि डिसेंबरच्या भारत-पाक युद्धात सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने तीनदा नकाराधिकार वापरला.