अकराव्या क्रमांकावरून सलामीला

प्रश्न : अकराव्या क्रमांकावर येणारे यॉर्कशायरचे विल्फ्रेड ऱ्होड्स पुढे इंग्लंडचे सलामीवीर झाले, हे खरे आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : होय, खरे आहे. ऱ्होड्स 1898 मध्ये यॉर्कशायरकडे आले ते डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून, आणि पहिल्याच हंगामात त्यांनी दीडशेहून अधिक बळी घेतले. डिसेंबर 1903 मध्ये सिडनी कसोटीत ते शेवटच्या क्रमांकावर खेळायला उतरले, तेव्हा समोर आर. ई. फॉस्टर होते, या जोडीने दहाव्या गड्यासाठी 130 धावा जोडल्या, त्यांत ऱ्होड्स यांच्या नाबाद 40 होत्या. त्यानंतर ते फलंदाजीच्या क्रमात एकेक पायरी वर सरकत गेले आणि 1912 मध्ये मेलबर्नला त्यांनी जॅक हॉब्ज यांच्यासोबत 323 धावांची सलामी दिली (त्या डावात हॉब्ज यांच्या 178, तर ऱ्होड्स यांच्या 179!). मधल्या काळात त्यांची गोलंदाजी मागे पडली होती. पण महायुद्धानंतर यॉर्कशायरला गोलंदाजांची चणचण भासू लागली, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा बळींची रास लावली. 1926 मध्ये ओव्हल कसोटीसाठी त्यांना परत बोलावण्यात आले, तेव्हा त्यांचे वय 48 होते आणि दुसऱ्या डावात त्यांनी 44 धावांत 4 बळी टिपले. आमच्या मते गोलंदाजी हीच त्यांची खरी ओळख. प्रथम श्रेणीतील 4,204 बळींचा त्यांचा विक्रम आजही अबाधित आहे.