पंचविशीत कसला आलाय उशीर!

अगं, तुझा मेल वाचला. एमएस्सी मॅथ्स झाल्यावर ऑर्केस्ट्रा कंडक्टिंगकडे वळायचं म्हणजे उशीर झाला असं जे कोणी तुला सांगतंय ना, त्यांचं ऐकण्याआधी एर्नेस्ट आन्सर्मेबद्दल वाच. १८८३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या व्हेव्हेत जन्मला, लोझानला गणित शिकवायचा, कंडक्टर म्हणून उभा राहिला तो तिशीच्या आसपास, आणि १९१५ मध्ये थेट दियागिलेव्हच्या बॅले रूस ह्या नामांकित रशियन नृत्यकंपनीचा कंडक्टर!

मला मात्र त्याचं १९१८ साल सगळ्यात भारी वाटतं. महायुद्ध चालू, पैशाची बोंब, रशियन संगीतकार स्ट्राव्हिन्स्की तेव्हा स्वित्झर्लंडमध्येच, मोठा ऑर्केस्ट्रा परवडायचा प्रश्नच नाही म्हणून त्याने 'सैनिकाची गोष्ट' हे संगीतनाट्य फक्त सात वादकांत बसवलं, व्हायोलिन, डबल बेस, क्लॅरिनेट, बासून, कॉर्नेट, ट्रॉम्बोन आणि तालवाद्यं सांभाळणारा एकटा माणूस. २८ सप्टेंबरला लोझानला पहिला प्रयोग आन्सर्मेने कंडक्ट केला, पुढे गावोगाव न्यायचं ठरलं होतं पण स्पॅनिश फ्लू आला आणि सगळं बारगळलं. तरी गडी थांबला नाही, त्याच वर्षी जिनिव्हात नवा ऑर्केस्ट्रा काढला, ऑर्केस्त्र द ला स्विस रोमांद, आणि १९६७ पर्यंत त्याची धुरा सोडली नाही. एकाच ऑर्केस्ट्रासोबत जवळजवळ पन्नास वर्षं! आज इथे उद्या तिथे करणाऱ्यांना हे जमणारच नाही.

ऑपेराही केला, १९४६ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्नला संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या 'ल्युक्रिशिया'चा पहिला प्रयोग आन्सर्मेनेच कंडक्ट केला.

आणि कान किती मोकळे बघ, १९१९ मध्ये लंडनला सिडनी बेशेची क्लॅरिनेट ऐकली आणि ह्या जॅझ वाजवणाऱ्या तरुणाचं मनापासून कौतुक करणारा लेख लिहिला, तेव्हा किती क्लासिकलवाले असं करत होते? पुढे मात्र बारा सुरांच्या पद्धतीला, म्हणजे सप्तकातले बाराही सूर समान मानून रचना करण्याला, त्याने तात्त्विक मांडणी करून विरोध केला, ते मला पटत नाही. गणिती डोक्याचा हा धोका तुलाही आहे, आधी ऐकायचं आणि सिद्धांत नंतर.

तर आता बीथोव्हेनची नववी सिंफनी बाजूला ठेव. 'सैनिकाची गोष्ट'चाच स्कोर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, घे, सुरुवातीच्या मार्चपासून. मात्रा सारख्या बदलतात आणि डबल बेस खाली आपला दोन-दोनच्या चालीत चालूच राहतो, तुझा हात कोणाबरोबर जाणार ते आधी ठरव, पेन्सिलने प्रत्येकाची एंट्री मार्क कर, रेकॉर्डिंग न लावता. झालं की स्कोरचे फोटो पाठव, मग बोलू.