गालिचा धुण्याच्या यंत्राचे पाणी आणि सक्शन चालू आहे, पण ब्रश फिरायचा थांबला. मोटर जळली असेल का?

बहुधा मोटर जळलेली नसते. ब्रशला गुंडाळलेले केस आणि गालिच्याचे धागे यांमुळे तिच्यावर ताण येऊन ती तापते आणि मोटर जास्त तापल्यावर आपोआप बंद होणारा आतला सुरक्षा स्विच तिचा वीजपुरवठा तोडतो. तुमच्या यंत्राचे सक्शन चालू आहे, त्याअर्थी सक्शनची मोटर ब्रशच्या मोटरपेक्षा वेगळी असावी आणि घरातली वीज व फ्यूज ठीक आहेत, असे मी ही यंत्रे दुरुस्त करताना पहिल्यांदा गृहीत धरतो. दांडा सरळ उभा असताना अनेक यंत्रांत ब्रश मुद्दाम बंद राहतो, म्हणून तो मागे कलवून आधी खात्री करा. त्यानंतर प्लग काढून, दोन्ही टाक्या उतरवून यंत्र आडवे करा आणि ब्रशची दोन्ही टोके नीट पाहा, कारण ओले केस तिथेच बेअरिंगभोवती दोरीसारखे घट्ट आवळून बसतात आणि वरून दिसतही नाहीत. ते कात्रीने कापून काढा, ब्रश हाताने सहज फिरतो ना ते पाहा आणि यंत्र किमान अर्धा तास थंड होऊ द्या. चालू केल्यावर ब्रशच्या मोटरची घरघर ऐकू आली, पण ब्रश हलला नाही, तर बहुधा मोटरवरून ब्रश फिरवणारा पट्टा तुटलेला किंवा घसरलेला असतो आणि तो स्वस्तात बदलता येतो. मात्र जळका वास आला असेल किंवा मोटरपर्यंत पाणी गेले असेल, तर यंत्र पुन्हा चालू करून पाहू नका; ते थेट कारागिराकडे न्या.